निचरा

"आमचं रान मिठानं गेलं, आणि तू पैसं देऊन मीठ आणतीस व्हय?"

आण्णांनी, माझ्या वडिलांनी, हे विचारलं तेव्हा मी न्हाणीघरात माझ्या माशांच्या टाकीसाठी पिंपात मीठ ढवळत होते. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ४० लिटर पाण्याला १ किलो ४०० ग्रॅम. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात असतात ते मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळे क्षार ठरल्या प्रमाणात घातलेलं, बादलीच्या भावात नव्हे तर औषधाच्या भावात मिळणारं मीठ. आण्णांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. चार एकर ऊस. त्यातल्या दोन एकरांत मी शाळेत होते तेव्हाच मीठ फुटायला लागलं. नदीचं पाणी उपसून रानात आलं, ऊस आला, आणि पाण्याची पाळी कधी मोडली नाही. वरून पाणी सोडत राहिलं आणि खालून वाट नसली, की जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. उन्हाळ्यात ते पाणी मातीतून वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. पहाटे त्या दोन एकरांवर चुन्यासारखा पांढरा थर दिसायचा. आधी उसाचे शेंडे वाळले, मग कोंब फुटणंच बंद झालं. राहिला तो लव्हाळा. क्षारपड हा शब्द कागदावरचा. आमच्यात म्हणतात, 'रान गेलं'. माणूस गेलं म्हणावं तसं.

अशा घरातल्या मुलीनं सांगलीत, समुद्रापासून इतक्या लांब, खाऱ्या पाण्याची टाकी का करावी? सहावीत असताना आमची सहल आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेली होती. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात काचेमागं एक मासा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर कातळातल्या डबक्यांत हात घातला, तर तिथंही सगळं हलत होतं. ते डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. पुढं रसायनशास्त्र शिकवायला लागले, पगार हातात आला, आणि २०१७ मध्ये चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घेतली. दगड वगैरे घातल्यावर दोनशे लिटर पाणी बसतं.

ती पहिली टाकी २०१९च्या ऑगस्टमध्ये गेली. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तो महापूर. आम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर, त्यामुळं पाणी घरात शिरलं नाही. पण वीज गेली आणि आम्हाला बोटीतून बाहेर काढलं. आठवड्यानं परत आलो तेव्हा जिन्यात चिखल होता आणि वर टाकीतलं पाणी काळं पडून कुजलं होतं. अख्ख्या गल्लीनं त्याहून कितीतरी मोठं गमावलं होतं, त्यामुळं दोन माशांचं दुःख मी कुणाजवळ बोलले नाही. मासे पुरले, पाणी ओतलं, दगड गच्चीवर वाळत टाकले. २०२०च्या जानेवारीत तेच दगड घेऊन टाकी पुन्हा लावली.

चूक तिथं झाली. त्या दगडांनी आठवडाभर कुजलेल्या पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच, पिऊन घेतलं होतं. हे दगड म्हणजे जुन्या पोवळ्यांचा चुना, कॅल्शियम कार्बोनेट. त्याला फॉस्फेट चिकटतं, आणि भोवतालच्या पाण्यात ते कमी झालं की हळूहळू सुटायला लागतं. हे मी वर्गात फळ्यावर लिहू शकले असते. घरच्या गच्चीवर मात्र सुचलं नाही.

नव्या टाकीत आधी तपकिरी पीठ धरलं. वाळूवर, काचेवर, हात लावला की धुरासारखं उडणारं. हे डायटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. त्यांना अंगावर काचेसारखं कवच करायला सिलिका लागते, आणि आपल्या काळ्या कातळातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर. माझ्या आरओचा पडदा जुना झाला होता. तो बदलला, पुढं उरलेले क्षार धरणाऱ्या रेझिनची नळी जोडली, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आला, आणि तीन आठवड्यांत तपकिरी पीठ आपोआप गेलं. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीत ते येतं आणि जातं.

मग आलं ते जाणारं नव्हतं. मार्चमध्ये दगडांना हिरवे केस फुटले. पंधरा दिवसांत ते बोटभर लांब झाले आणि वेव्हमेकर पंप उठवतो त्या लाटेबरोबर डुलायला लागले. त्याच सुमारास आण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सांगलीला आले, आणि टाळेबंदी लागली. तीन महिने ते आमच्याकडेच अडकले. डोळ्यात थेंब घालून झाले की टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. नव्यानं स्वच्छ दिसायला लागलेल्या डोळ्यांनी त्यांनी सगळ्यांत जास्त काय पाहिलं असेल, तर माझं शेवाळ.

पहिला सल्ला त्यांनी लगेच दिला. "चिमूटभर मोरचूद टाक, दोन दिवसांत पाणी आरशागत व्हतंय." विहिरीत, द्राक्षवाल्यांच्या पाण्याच्या टाक्यांत हिरवं धरलं की आमच्याकडं हेच करतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ मरतं हे खरं. पण खाऱ्या टाकीतल्या गोगलगायी, कोळंबी, खेकडे तांब्याच्या अगदी थोड्या अंशानंही मरतात, आणि ते तांबं दगडात नि वाळूत मुरून बसतं. मी हे सांगितल्यावर आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग औषध न्हाईच. खातंय काय ते बघ."

खातंय काय, हे बघायला माझ्याकडे परीक्षणाचे किट होते. नायट्रेट जवळजवळ शून्य. फॉस्फेटला रंगच आला नाही. तीनदा केलं, तेच. पाणी शुद्ध आणि दगड हिरवेगार. मी हैराण झाले. आण्णांना आकडे कळत नव्हते, पण गोष्ट कळली. "उसाला युरिया टाकून म्हैन्यानं माती तपासलीस तर काय घावणार? पिकानं उचलला की."

तेच होतं. किट पाण्यातलं उरलेलं मोजतं. शेवाळ उरू देतच नव्हतं. दगडातून सुटलेला कण पाण्यात पसरायच्या आधी त्याच्या मुळाशी पोचत होता. जे मोजायचं ते पाण्यात नव्हतं, त्या हिरव्या केसांत होतं. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं की समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण ठरीव असतं. तो आकडा आज १०६:१६:१ असा शिकवला जातो. तळाला चिकटून वाढणाऱ्या शेवाळांचं प्रमाण १९८३ मध्ये निघालं, ते साधारण ५५०:३०:१. म्हणजे फॉस्फरसचा एक अणू हाती लागला की त्याच्या जोरावर कार्बनचे साडेपाचशे अणू बांधायचे. कार्बन तर हवेतून येतोच. वहीत हा हिशेब मांडला तेव्हा मला त्या शेवाळाचा राग येईनासा झाला. इतक्या थोडक्यात इतकं उभं करणारा जीव आहे तो.

आधी मी माझा हात आवरला. गोठवलेलं खाद्य तसंच टाकत होते. त्याचं पाणी आता चहाच्या गाळणीतून आधी गाळून टाकायला लागले. दिवसातून दोनदाचं एकदाच केलं. दिवा दहा तासांवरून सातवर आणला, आणि खिडकीला जाड पडदा लावला, कारण दुपारचं ऊन थेट काचेवर यायचं. मे महिन्यात टाकीवर पंखा लावावा लागतो, पाणी २६ अंशांच्या आसपास राहावं म्हणून. रोज तीन-चार लिटर उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. रानात मीठ वर येतं तेही असंच, पाणी जातं आणि ते राहतं.

आणि मी शेवाळ हातानं उपटायला लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास. दगडाला धरून चिमटीनं पीळ द्यायचा म्हणजे बुडख्यासकट निघतं, आणि दुसऱ्या हातात नळी धरून तुटलेले तुकडे ओढून घ्यायचे, नाहीतर प्रत्येक तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो. आण्णा शेजारी बादली धरून बसायचे. ही खुरपणी मला मनापासून आवडायला लागली. इतक्या जवळून दगड बघितल्यावर कुठल्या खोबणीत पाणी पोचत नाही, कुठं खाद्य साचतं, ते कळतं. अशाच एका कोपऱ्यात लाल मखमलीसारखा थर धरला होता. त्याला सगळे लाल शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू सोडला तो यांच्याच पूर्वजांनी. वेव्हमेकरचं तोंड त्या कोपऱ्याकडं वळवलं, साचलेला गाळ ओढला, आणि तो थर विरला.

मेअखेर दगड बऱ्यापैकी उघडे झाले. मी खुशीत फॉस्फेट मोजलं, आणि लिटरला ०.२ मिलिग्रॅम आलं. शेवाळ होतं तेव्हा शून्य, काढलं तर वाढलं! खाणारा हटवला होता, पण दगड अजून देतच होता. त्या रात्री मी फार निराश झाले. नव्या दगडांचा भाव बघत मोबाईल घेऊन बसले होते. आण्णा म्हणाले, "पाणी द्याया समद्यांना येतंय गं. जायाला वाट कुठाय तुझ्याकडं?"

हे बोलताना ते टाकीकडं बघत नव्हते. दोन एकर रान गेलेला माणूस बोलत होता. रानातलं मीठ खरवडून जात नाही, नांगरून जात नाही. खाली छिद्रांचे पाईप घालून निचरा केला, आणि वरून पावसानं नि पाण्यानं धुतलं, तरच ते उतरतं. ते त्यांना वीस वर्षं माहीत होतं. खर्च झेपत नव्हता.

टाकीतला निचरा मला ऑगस्टमध्ये मिळाला. कुरिअर सुरू झाल्यावर पुण्याच्या एका मैत्रिणीनं ओल्या कागदात गुंडाळून मूठभर चिटो पाठवलं. कीटोमॉर्फा, पण हौशी लोक चिटोच म्हणतात. हेही शेवाळच. भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या चोथ्यासारखं दिसतं, कुठंही रुजत नाही, नुसता गुंता करून वाढतं. टाकीच्या खाली सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या छोट्या टाकीत, एक कप्पा रिकामा करून ते ठेवलं, वर एक दिवा लावला. तो दिवा वरची टाकी झोपल्यावर लागतो, रात्री नऊ ते पहाटे सहा. त्यामुळं रात्री पाण्यात साठणारा कार्बन डायऑक्साइड ते ओढून घेतं आणि पीएच फारसा घसरत नाही. वर शेवाळ नको, म्हणून खाली शेवाळच वाढवायचं. पंधरवड्यानं त्यातलं निम्मं पिळून बाहेर काढायचं. त्या एका मुठीबरोबर दगडानं सोडलेलं सगळं घराबाहेर जातं. स्मिथसोनियनमधले वॉल्टर अॅडी यांनी प्रवाळांच्या प्रयोगटाक्या अशाच, जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून, स्वच्छ ठेवल्या होत्या, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. बाटलीतल्या औषधांची जाहिरात होते तशी या उपायाची होत नाही, कारण यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

चिटोनं फॉस्फेट ०.२ वरून ०.०५ वर आणायला पाच महिने घेतले.

मध्ये दिवाळीच्या सुमारास गोगलगायी आणल्या. बारा टर्बो आणि थोड्या सेरिथ. पुष्कळ लोक इथूनच सुरुवात करतात, आणि मग गोगलगायी काम करत नाहीत म्हणतात. बोटभर लांब केस त्यांना खाता येत नाहीत. त्यांची जीभ किसणीसारखी असते, ती दगडावरचे कोवळे अंकुर खरवडते. माणसानं आधी भांगलून द्यायचं, मग त्या राखतात. रात्री बॅटरी लावून बघावं, काचेवर नागमोडी स्वच्छ रेघ मारत एकेक जात असते. काही उलट्या पडल्या की त्यांना स्वतःहून सरळ होता येत नाही, म्हणून सकाळी चहाआधी मी त्यांना सरळ करून ठेवते. एक मात्र मनात पक्कं ठेवलं. गोगलगाय शेवाळ खाते, बाहेर नेत नाही. जनावर रानात चरलं आणि शेणही रानातच पडलं, तर रानातून गेलं काय? बाहेर नेणारं चिटोच.

तरीही खाणारा नसला तर काय होतं, ते समुद्रानं एकदा दाखवलंय. १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ डायडेमा जातीचे लांब काट्यांचे काळे अर्चिन, दगडावरचं शेवाळ खाणारे गोल समुद्री प्राणी, मरायला लागले. रोग प्रवाहाबरोबर कॅरिबियनभर पसरला आणि वर्ष-सव्वा वर्षात बहुतेक ठिकाणचे नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच उपसून झाले होते, १९८०च्या वादळानं प्रवाळ मोडले होते. राखण करायला उरले होते ते हे अर्चिनच. ते गेले, आणि सत्तरीच्या अखेरीस अर्ध्याहून जास्त तळ व्यापणारे जिवंत प्रवाळ नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत पाच टक्क्यांच्या खाली आले. बाकी सगळं हिरवं. एका काटेरी, फारसं कुणी लक्ष न देणाऱ्या प्राण्यावर एवढं टेकलं होतं. उलट हवाईत, काने‌ओहे उपसागरात बाहेरून आलेल्या शेवाळानं प्रवाळ झाकले, तेव्हा तिथं मूळचेच अर्चिन हॅचरीत वाढवून सोडले गेले. हे वाचल्यापासून सकाळी गोगलगाय सरळ करताना माझा हात जास्त हळू होतो.

२०२१च्या सुरुवातीला मी अधीर झाले. दगड स्वच्छ दिसत होते, मला आकडेही शून्य हवे होते. फॉस्फेट शोषणारे दाणे आणले, दुप्पट घातले. आठवड्यात नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि या वेळी ते खरोखर शून्य होतं. मग वाळूवर तपकिरी शेंबडासारखा तारा धरणारा थर आला, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्म जीव. उपाशी पाण्यात बाकी सगळे हटतात तेव्हा हे पसरतात, आणि यांच्यातल्या काही जाती विषारी असतात. बारापैकी सात टर्बो मेल्या. मी एकेक बाहेर काढून वासावरून खात्री करत होते. त्या मी मारल्या होत्या, शेवाळानं नव्हे.

आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "रान मोकळं ठेवलं तर काय तरी उगवणारच. तुला नको तेच आधी." मी दाणे काढले, माशांचं खाद्य पुन्हा वाढवलं, वाळूतले सूक्ष्म जीव परत यावेत म्हणून मैत्रिणीच्या टाकीतली मूठभर वाळू आणली. नायट्रेट पाचच्या आसपास, फॉस्फेट ०.०५. दोन महिन्यांत तो शेंबूड गेला. तेव्हापासून मी शून्याच्या मागं लागले नाही.

त्या उन्हाळ्यात दगडावर नखाएवढा एक गुलाबी-जांभळा ठिपका दिसला. मग दुसरा. कोरलाइन शेवाळ. हे स्वतःच्या अंगात चुना भरतं, दगडाला घट्ट चिकटून कातडीसारखं पसरतं, आणि जिथं ते बसतं तिथं हिरव्या केसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. आज अर्ध्याहून जास्त दगड गुलाबी आहे. जिवंत प्रवाळ माझ्या टाकीत नाहीत, आणि ठेवणारही नाही. आपल्याकडं २००१ पासून खरे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. कुणी कितीही गुपचूप देतो म्हणालं, तरी समुद्रातून तोडलेला तुकडा सांगलीच्या दिवाणखान्यात आणायचा नसतो. क्लाउनफिशची जोडी आहे, तीही टाकीतच पैदास झालेली.

आण्णांनी त्याच वर्षी निचऱ्याचे पाईप घातले. माझी थोडी शिल्लक, त्यांचं थोडं कर्ज. गेल्या हिवाळ्यात गावी गेले होते तेव्हा ते मला ओढ्याकडच्या बांधावर घेऊन गेले. तिथं पाईपाचं तोंड उघडं पडतं. मनगटाएवढी धार सतत येत होती. माझ्या पर्समध्ये टीडीएस मीटर असतो. मी वाकून धारेत धरला.

"किती?"

"चार हजारांच्या वर."

"येऊ दे. भाईर येतंय न्हवं."

तो ओढा पुढं कृष्णेला मिळतो. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते ती कुणाच्या युरियावर, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. आण्णांनी या वर्षी उसाची खताची मात्रा कमी केलीय, पाचट जाळायचं सोडून सरीतच कुजवतात. पाईपाच्या तोंडाशी सिमेंटवर हिरवे केस धरले होते, हातभर लांब, धारेबरोबर डुलत. त्यांच्यावर काळ्या, तांदळाएवढ्या गोगलगायी. माझा हात आपोआप पुढं गेला.

"राहू दे," आण्णा म्हणाले. "ते तिथं खातंय. वाढलं की मी काढून खड्ड्यात टाकतो."

मी मीटर पदराला पुसला आणि पर्समध्ये ठेवला.